सोसायटीच्या मीटिंगमध्ये धोक्यावर बोलायचं कसं

आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रोडला, नदीपासून चालत दहा मिनिटांवर. मागच्या सर्वसाधारण सभेत दीड तास शेजारच्या गच्चीवर येणाऱ्या मोबाईल टॉवरवर गेला आणि पुराचं पाणी शिरू नये म्हणून पार्किंगमधली मीटर रूम वर घ्यायचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत "बघू पुढच्या वेळी" म्हणून गुंडाळला. हे बऱ्याच ठिकाणी होतं, म्हणून आम्ही नंतर काय केलं ते सविस्तर लिहितोय, तुमच्या कमिटीला उपयोग होईल.

सगळ्यात आधी, घाबरलेल्या माणसाला "तुम्हाला काय कळतंय" म्हणून गप्प करू नका. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय. धोका मोजताना तज्ज्ञ बहुतेक करून वर्षाला किती माणसं दगावतात ते बघतात, आणि सामान्य माणूस बघतो की ही गोष्ट नवी आहे का, दिसते का, माझ्या हातात आहे का, मला कोणी विचारलं होतं का. टॉवरचं भाडं शेजारच्या सोसायटीला आणि घोर आपल्याला, हा राग रेडिएशनचा नाहीच, तो न्यायाचा आहे आणि तो खराच आहे. आकडे दाखवून तो जात नाही. तेव्हा टॉवरचं एवढंच करा: भारताने 2012 साली टॉवरच्या रेडिएशनची आपली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली हे सांगा, सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर तो टॉवर शोधा, शंका राहिलीच तर तिथूनच मोजणी मागवा, आणि शेजारच्या कमिटीला पत्र द्या की असं काही ठरवण्याआधी आम्हाला सांगा. विषय तिथेच थांबवा.

आता उलटी बाजू, जे रोजचं झालंय त्याची भीतीच वाटत नाही. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1 लाख 68 हजारांवर माणसं गेली, म्हणजे दिवसाला साडेचारशेच्या वर, आणि तरी दूध आणायला जाताना हेल्मेट घरीच, कारण गाडी मी चालवतोय ना, हँडल माझ्या हातात आहे. पाण्याचंही तसंच. पुण्यात पूर म्हटलं की घरातल्या मोठ्यांना 12 जुलै 1961 आठवतो, पानशेत धरण फुटलं तो दिवस, आणि त्यामुळे बाकीच्यांच्या डोक्यात पूर म्हणजे धरण फुटणं असं बसलंय. पण 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा कुठलंही धरण फुटलं नव्हतं, पाऊस प्रचंड होता आणि खडकवासला धरणातून 35 हजार क्युसेकच्या वर विसर्ग चालू होता. क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, म्हणजे 35 हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास 10 लाख लिटर, दहा हजार लिटरचे 100 टँकर दर सेकंदाला. मीटिंगमध्ये हा टँकरचा हिशोब सांगा, क्युसेक म्हटलं की कोणी मान वर करत नाही, टँकर प्रत्येकाने मागवलेला असतो.

मग पूररेषा. जलसंपदा विभाग दोन रेषा ठरवतो: निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोघींच्या मध्ये अटी. महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशावर त्या दिसतात, आपली बिल्डिंग कुठे येते ते कमिटीतल्या कोणीतरी प्रत्यक्ष बघून या, बिल्डरच्या ब्रोशरवर जाऊ नका. आणि इथे सगळ्यात मोठी गफलत होते. 25 वर्षांतून एकदा ऐकलं की लोक म्हणतात, परवा येऊन गेला, आता 25 वर्षं निवांत. तसं नसतं हो, दरवर्षी 4 टक्के शक्यता असा त्याचा अर्थ, फासा दरवर्षी नव्याने पडतो, पुढच्याच वर्षी परत येऊ शकतो. निळ्या रेषेवरच्या घरात 20 वर्षांचं होम लोन फेडेपर्यंत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता निघते 56 टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षा जास्त. लाल रेषेवरच्या घरालाही त्याच 20 वर्षांत 18 टक्के. हा हिशोब मी फळ्यावर मांडला तेव्हा सभागृह पहिल्यांदा शांत झालं.

त्यानंतर प्रत्येक धोक्यापुढे दोनच प्रश्न लिहा, झालं तर काय जाईल आणि आज कोणाच्या हातात काय आहे. आमच्याकडे यादीत मीटर रूम एकदम वर आली, कारण 2024 च्या त्याच पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना तीन तरुण गेले ते बुडून नाही, शॉक लागून. पार्किंगमध्ये पाणी येतं तेव्हा लोक गाड्या काढायला धावतात आणि पॅनल तिथेच असतं. म्हणून पॅनल वर जाईपर्यंतचा नियम असा: पहिलं पाणी दिसलं की वॉचमनने वायरमनला आणि वीज ऑफिसला फोन करायचा, सप्लाय बंद झाल्याशिवाय खाली कोणीही उतरायचं नाही, कितीही नवी गाडी असली तरी.

सरकारकडे जाताना मोघम तक्रार नेऊ नका. विसर्ग ठरवतो जलसंपदा विभाग, नाले आणि परवानग्या महापालिकेकडे, आणि 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. तिघांना एकच पत्र पाठवलं तर तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात, हे आम्ही अनुभवलंय. प्रत्येकाला वेगळा, एकाच ओळीचा प्रश्न विचारा, जसा जलसंपदाला: विसर्ग वाढवण्याआधी किती वेळ आधी आणि कोणत्या मार्गाने आम्हाला कळवणार? उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज, दहा रुपये फी, 30 दिवसांची मुदत. धरण भरून ठेवायचं की आधीच थोडं सोडायचं, हा उन्हाळ्यातलं पिण्याचं पाणी आणि नदीकाठची घरं यांच्यातला निवाडा आहे, तो इंजिनिअर एकटा करतो आणि आपल्याला सायरन वाजल्यावर कळतो, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. काठावरच्या लोकांना त्यात बोलायला मिळायलाच हवं.

एक काम मात्र पत्राची वाट न बघता याच आठवड्यात करा. 2024 ला पाणी कुठवर आलं होतं ते जुन्या फोटोंवरून काढा, पार्किंगच्या खांबावर ऑइल पेंटने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. आमची रेघ माझ्या छातीपर्यंत आली आणि मीटरचं पॅनल तिच्या वीतभर खाली. पुढच्या सभेत मीटर रूम वर घ्यायच्या वर्गणीचा ठराव दहा मिनिटांत पास झाला.