छोट्या टॅक्स ऑफिसात एबीसी कॉस्टिंग करताना मी कुठं फसलो

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं छोटं टॅक्स कन्सल्टन्सीचं ऑफिस, मी आणि दोन असिस्टंट. पहिली तीन वर्षं कामाचा ढीग, आणि तरी महिनाअखेरीला भाडं-पगार भागवताना जीव मेटाकुटीला यायचा. कुठल्या कामात पैसा सुटतोय तेच कळत नव्हतं, म्हणून एबीसी म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग करायला घेतलं. खर्च अ‍ॅक्टिव्हिटीप्रमाणे वाटायचा, म्हणजे ज्या कामाला जेवढी मेहनत तेवढा खर्च त्याच्यावर टाकायचा, हे तुम्ही शिकलेलाच असता, ते परत सांगत नाही.

मी फसलो ते पुढं. असिस्टंटला विचारलं, किती टक्के वेळ जीएसटीत जातो? म्हणाला, निम्मा. त्याचा पगार, त्याच्या वाटणीचं भाडं, सॉफ्टवेअर मिळून महिन्याला २५,०००, निम्मे १२,५००, भागिले ३० रिटर्न, म्हणजे एकाला ४१७ रुपये. फी ५००. सगळीच फायद्यात, मी खूश.

साफ चूक. टक्के विचारले की माणूस बेरीज १०० करूनच सांगतो, बिलांची वाट बघण्यात गेलेला वेळ कुणी वेगळा सांगत नाही, आणि वर मी तीसही रिटर्न एकाच मापानं मोजली. याच दुखण्यावर कॉस्टिंगवर लिहिणारे कॅप्लन आणि अँडरसन यांनी २००४ मध्ये टाइम-ड्रिव्हन पद्धत मांडली, टक्के सोडा आणि मिनिटं धरा. २६ दिवस, ८ तास म्हणजे १२,४८० मिनिटं, त्यातली ८० टक्केच खरी कामाची, साधारण १०,०००. म्हणजे मिनिटाला अडीच रुपये.

मग घड्याळ लावून बसलो. शिरोली एमआयडीसीतला मशीन शॉपवाला, टॅलीचा डेटा ५ तारखेला हजर, ७० मिनिटं, १७५ रुपये. हुपरीचे एक चांदीवाले, बिलांचे तिरके फोटो व्हॉट्सॲपवर, एन्ट्रीला ९०, १४ तारखेला टूबी (पोर्टलवर येणारं इनपुट क्रेडिटचं स्टेटमेंट) आली की जुळवणीला ६०, फायलिंगला २०, आणि "पाठवतो की साहेब, सांच्याला" हे ऐकत १४ फोन, पाच-पाच मिनिटांचे, म्हणजे अजून ७०. झाली २४० मिनिटं, ६०० रुपये. फी तीच ५००. ही फोनची ७० मिनिटं कुणाच्याच टक्केवारीत नव्हती!

यूट्यूबवरची तयार एक्सेल शीट घेऊ नका, ती कारखान्यासाठी बनवलेली असतात. आणि वर्षअखेरीला सगळं भरून निघतं म्हणणाऱ्या सीनियरचं तर अजिबात ऐकू नका, मी दोन वर्षं ऐकलं. घाबरू पण नका, एक वही आणि दोन आठवडे पुरतात, पोरं पहिले चार दिवस कुरकुरतात मग सवय होते.

पण तोट्यातला क्लायंट लगेच तोडलात तर फसाल, तो गेला तरी भाडं-पगार तेवढाच राहतो, नुसती मिनिटं रिकामी होतात. मी आधी नियम केला, ८ तारखेनंतर बिलं आली तर १५० जादा. चांदीवाल्यांना या महिन्यात चारच फोन लागले, १९० मिनिटं, ४७५ रुपये. माझा तपासायचा वेळ धरला तर अजून तोटाच आहे, एप्रिलपासून त्यांना ६५० सांगणार आहे.