ओठावर सारखा ताप फुटतो? मग असं करून बघा

माझं ठरलेलं होतं, एप्रिलमध्ये भर उन्हात सिंहगड चढून आलो की दोन-तीन दिवसांत खालच्या ओठाच्या कडेला फोडांचा पुंजका. आई म्हणणार, उष्णता झालीय, सब्जा पी. सब्जा प्या खुशाल, पण हे उष्णतेचं काम नाही, हर्पिस सिम्प्लेक्स नावाचा व्हायरस आहे, बहुतेकांना लहानपणीच कुणाच्यातरी पाप्यातून मिळालेला, आणि एकदा आला की चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी जन्मभर झोपून राहतो. कडक ऊन, सर्दी-ताप, जागरण, टेन्शन, पाळी, यातलं काहीही त्याला उठवतं. नाव ऐकून दचकू नका, डब्ल्यूएचओच्या अंदाजाने पन्नाशीच्या आतल्या जवळपास 380 कोटी लोकांच्या अंगात तो आहे.

आधी ओळखा. गालाच्या आत फोड म्हणजे तोंड आलं, ते वेगळं. तोंडाचे कोपरे चिरले तर तेही वेगळं. याच्यात ओठाच्या कडेला आधी मुंग्या येतात, चुरचुरतं, मग पाण्याचे बारीक फोड, ते फुटून खपली. बी कॉम्प्लेक्स खाऊन हे जात नाही.

मुंग्या आल्या रे आल्या की लगेच कामाला लागायचं, कारण औषधाचा खरा उपयोग तेव्हाच. असायक्लोव्हिर क्रीम दिवसातून 5 वेळा, 4-5 दिवस, आधी आणि नंतर हात धुवून. फोड आल्यावर लावलं तर फारसा फरक पडत नाही, नाहीतरी 7 ते 10 दिवसांत आपोआप बरंच होतं. डॉक्टर व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्याही देतात, एकाच दिवसात 12 तासांच्या अंतराने दोन डोस. घरातली खाजेची स्टेरॉइडवाली ट्यूब मात्र मनाने लावू नका, प्लीज! दुखत असेल तर बर्फ रुमालात गुंडाळून शेकायचा.

फोड फोडू नका, खपली ओढू नका (मी ओढायचो). खपली पडेपर्यंत टॉवेल, कप, लिपस्टिक वेगळी, आणि बाळाचा पापा तर अजिबात नाही, तान्ह्या बाळाला हे जिवावर बेतू शकतं. फोडाला लागलेला हात डोळ्यालाही लावू नका.

डोळा लाल होऊन दुखला तर लगेच डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. 2 आठवड्यांत बरं झालं नाही, किंवा वर्षातून 6 वेळा व्हायला लागलं तर स्किनच्या डॉक्टरकडे जा, रोजची गोळी सुरू करायची का ते तेच ठरवतील.

आता गाडीच्या डिकीत एसपीएफ 30 चा लिप बाम असतो, तोंडाला रुमाल. या एप्रिलमध्ये काही नाही झालं. जूनमध्ये व्हायरल ताप आला, तेव्हा झालंच.