रोज किती कॅलरी? वजन उतरवण्याचा सुरक्षित हिशेब

आधी शरीर नुसतं विश्रांतीत असताना दिवसाला किती कॅलरी जाळतं ते काढा: वजन (किलो) गुणिले १० आणि उंची (सेंमी) गुणिले ६.२५ यांची बेरीज करा, त्यातून वय गुणिले ५ वजा करा. पुरुषांनी ५ मिळवावेत, बायकांनी १६१ वजा करावेत. ३५ वर्षांच्या, ७० किलो, १५८ सेंमी उंच ठाणेकर बाईचा आकडा येतो सुमारे १३५०.

बैठं काम असेल तर याला १.२ ने गुणा. तलावपाळीच्या तळ्याभोवती जवळपास रोज भरभर फेऱ्या होत असतील तरच १.३७५ ने. लोकलमध्ये तासभर उभं राहणं व्यायामात धरू नका, हिशेब इथेच फसतो. फेऱ्या मारणारीचा दिवसाचा एकूण खर्च साधारण १८५० कॅलरी होतो. वजन उतरावं म्हणून त्यातून ४०० वजा, रोज खायला उरले १४५०. बायकांनी १२०० आणि पुरुषांनी १५००च्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी तर सुरुवातच डॉक्टरांपासून करावी.

फोडणीचं तेल मोजा: १५ मिलीचा चमचा म्हणजे १२० कॅलरी. चारेक किलो उतरले की नव्या वजनावर पुन्हा गणित मांडा.