घरासाठी छोटा कॅमेरा घ्यायचाय? आधी मोबाईलमधले बिघडलेले फोटो बघा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली की आमच्याकडे गोव्यात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, तू कॅमेरा घेऊन फिरतोस ना, मग घरच्या वापराला एखादा खिशात मावणारा कॅमेरा सांग की. आणि मी पण दरवर्षी उलट विचारतो, मोबाईलने नेमका कुठला फोटो बिघडला? बरेच जण इथेच गप्प होतात, कारण फोटो बिघडलेलेच नसतात, फक्त कॅमेरा घ्यावासा वाटतोय एवढंच असतं. वाटू दे, त्यात गैर काही नाही, पण मग महागडा घेऊ नका.

तर पहिलं काम हे. अर्धा तास बसा आणि गेल्या चवथीपासून आजपर्यंतचे फोटो चाळा, चांगले नाही, वाईट. आपण स्वतः वाईट फोटो डिलीट करतो त्यामुळे बायकोचा मोबाईल घ्या, आमच्याकडे तरी ती काहीच डिलीट करत नाही. मी हे केलं तेव्हा तीन ढीग पडले. एक म्हणजे लांबचे, शाळेच्या गॅदरिंगला दहाव्या रांगेतून काढलेले, स्टेजवर आपली मुलगी कुठली तेच कळत नाही. दुसरे अंधारातले, दिवाळीच्या आदल्या रात्रीचे नरकासुराचे पुतळे, देवळाच्या मंडपातला दशावतार, समईच्या उजेडात बसलेली आजी. आणि तिसरे पळणाऱ्या पोरांचे, नुसता रंगाचा फराटा. तुमचा सगळ्यात मोठा ढीग कुठला ते कागदावर लिहा, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरणार आहे. एकही ढीग पडत नसेल तर इथेच थांबा, आणि वाचलेल्या पैशांतून मोबाईलमधल्या शंभर फोटोंच्या प्रिंट काढून अल्बम करा, म्हातारी माणसं खूश होतात.

आता मेगापिक्सेल. दुकानदार तिथूनच सुरुवात करतो, तुम्ही करू नका. ४ बाय ६ इंचाची प्रिंट इंचाला ३०० ठिपक्यांनी काढायची म्हटली तर १२०० गुणिले १८००, म्हणजे जेमतेम २२ लाख पिक्सेल, दोन मेगापिक्सेल झाले. भिंतीवर लावायला ८ बाय १२ केली तरी नऊच्या आत. आज मिळणारा कुठलाही कॅमेरा एवढं देतोच.

विचारायचं ते सेन्सरचं, म्हणजे आतल्या उजेड टिपणाऱ्या चिपचं माप. स्वस्त कंपॅक्टमध्ये, म्हणजे खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात असतो तो १/२.३ इंचाचा, प्रत्यक्षात साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. त्याच्या वर आहे एक इंचवाला, जो खरं तर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, हे एक इंच वगैरे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या ट्यूबवरून चिकटलंय, पट्टी लावून मोजायला जाऊ नका. पण क्षेत्रफळ चौपट आहे हे खरं, आणि अंधारातल्या फोटोत ते दिसतं. आता गंमत अशी की बऱ्याच स्मार्टफोनचा मुख्य सेन्सर त्या स्वस्त कंपॅक्टएवढा किंवा त्याहून मोठाच आहे, आणि शिवाय फोन स्वतःची हुशारी लावून फोटो उजळवतो तो वेगळाच. म्हणजे स्वस्त कंपॅक्ट घेऊन तुम्हाला मिळणार काय तर फक्त झूम. ढीग 'लांबचा' असेल आणि दिवसाउजेडीच काढणार असाल, शिगम्याची मिरवणूक संध्याकाळच्या आत संपते असं तुमच्या गावात होत असेल तर ठीक, नाहीतर पैसे पाण्यात. चांगला एक इंचवाला मात्र एखाद्या बऱ्या फोनएवढे पैसे मागतो, हे आधीच घरी सांगून ठेवा.

मग लेन्स. लेन्सभोवती बारीक अक्षरात १:१.८-२.८ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा झूम न करता लेन्स किती उघडते त्याचा, दुसरा पूर्ण झूम केल्यावरचा, आणि आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. १.८ आणि ३.५ मध्ये उजेडाचा फरक जवळजवळ चौपट पडतो, ऐकायला वाटत नाही. झूम फक्त ऑप्टिकल, म्हणजे लेन्सने होणारा बघायचा, डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून ताणणं, ते घरी पण करता येतं.

उदाहरण म्हणून २०१९ चे दोन कॅमेरे घ्या. सोनीच्या आरएक्स १०० मार्क ७ ची लेन्स २४ ते २०० मिलिमीटर, पण उजेड २.८ ते ४.५. कॅननच्या जी ७ एक्स मार्क ३ ची २४ ते १०० च, पण १.८ ते २.८. सेन्सर दोघांचा एक इंचाचाच. मिलिमीटरचा आकडा लहान तितकं जास्त दृश्य मावतं, मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. म्हणजे लांबचा ढीग मोठा असेल तर पहिल्या जातीचा, अंधाराचा मोठा असेल तर दुसऱ्या जातीचा. लांबचं आणि अंधारातलं दोन्ही झकास काढणारा कॅमेरा खिशात मावत नाही, कोणी मावतो म्हणाला तर तो विकायला बसलाय. गॅदरिंगला शेवटी पुढे जाऊन बसणं हाच उपाय, मी शिक्षकांची ओळख काढून दुसरी रांग मिळवली होती.

त्या २४ आकड्याकडे मात्र नीट लक्ष द्या, लोक झूमच्या नादात हा विसरतात. गणपतीची खोली आठवा. खाली मूर्ती, वर टांगलेली माटोळीची चौकट, तिला सुपारीचे घड, नारळ, चिबूड, रानातलं काय काय बांधलेलं, आणि तुमची पाठ मागच्या भिंतीला टेकलेली. २८ पासून सुरू होणाऱ्या लेन्समध्ये एकतर माटोळी कापली जाते नाहीतर खाली बसलेली मुलं. २४ मध्ये बहुतेक सगळं येतं. आमच्या घरात तरी हा एकच फोटो दरवर्षी हमखास हवा असतो.

एवढं ठरलं की पणजी-मडगाव-म्हापसा जिथे बरं दुकान असेल तिथे जा, आणि जाताना आपलं एसडी कार्ड न्या. कॅमेरा बंद असताना हातात घ्या, चालू करा, पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ गेला ते बघा. दुकानातल्या माणसाला हात हलवायला सांगून काढा, दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पूर्ण झूम लावून काढा, मग दाराशी उन्हात जाऊन स्क्रीन दिसते का बघा, आपल्याकडच्या उन्हात अर्ध्या स्क्रीन आरशासारख्या होतात आणि तेव्हा डोळ्याला लावायची खिडकी असलेला कॅमेरा बरा वाटायला लागतो. आणि घरात जो जास्त वापरणार त्याच्या हातात द्या. बायकोला बटणं टोचत असतील तर तो कॅमेरा कपाटातच राहणार. ते कार्ड घरी आणून फोटो मोठ्या स्क्रीनवर बघा, त्या दिवशी विकत घेऊ नका.

आता आपल्या गोव्याची खरी अडचण सांगतो, कारण इथे कॅमेरे जुने होऊन मरत नाहीत, रेतीने आणि दमटपणाने मरतात. माझा पहिला कंपॅक्ट मिरामारच्या किनाऱ्यावर मेला. पोरगं रेतीत किल्ला करत होतं, मी गुडघ्यावर बसून फोटो काढत होतो, वाऱ्याने चिमूटभर रेती उडाली आणि लेन्स बाहेर येतानाच कर्र करून अडकली, स्क्रीनवर लेन्स एरर. दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला त्यात थोडे घातले तर दुसरा आला असता. लेन्स आत-बाहेर सरकणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याला हा धोका आहे. तुमचं निम्मं आयुष्य किनाऱ्यावर, धबधब्यावर जात असेल तर ओएम सिस्टिमच्या टीजी-७ सारखा वॉटरप्रूफ बघा, १५ मीटर पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडणं सोसतो, आणि लेन्स बाहेर येतच नाही. सेन्सर लहान आहे, रात्रीच्या नरकासुराला उपयोगाचा नाही, ते धरूनच घ्यायचा. खाऱ्या पाण्यातून आला की गोड्या पाण्यात बुडवून धुवायचा, आणि झाकणाच्या रबरावर रेतीचा कण किंवा केस नाही ना ते दर वेळी बघायचं.

दमटपणाचं तर विचारू नका. जूनमध्ये कपाटात ठेवलेला कॅमेरा चवथीला काढला की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. उपाय साधा आहे, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि जमलं तर आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला की झालं. जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. चामड्याच्या पाऊचमध्ये ठेवू नका, ते ओल धरतं. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर धुकं जमतं, म्हणून पंधरा-वीस मिनिटं बॅगेतच राहू द्या.

घेताना बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. खोक्यावर एमआरपीचं आणि आयात करणाऱ्याच्या नाव-पत्त्याचं लेबल नसेल तर माल बाहेरून आलेला असू शकतो आणि वॉरंटीला इथे कोणी विचारणार नाही. जादा बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या, हे छोटे कॅमेरे एका चार्जवर दोन-अडीचशे फोटोंत दमतात. कार्ड ६४ जीबीचं, यू३ खूण असलेलं पुरे. फुकट मिळणारा ट्रायपॉड तिथेच ठेवून या.

सध्या कॉलेजच्या मुलांना जुने डिजिकॅम, म्हणजे जुने छोटे डिजिटल कॅमेरे हवे असतात, घरात भाची मागे लागली असेल तर घ्या, पण आधी टॉर्च मारून लेन्समध्ये बुरशी बघा, बॅटरी फुगलेली नाही ना बघा, आणि कार्ड कुठलं लागतं ते विचारा. जुन्या ऑलिंपसला एक्सडी कार्ड लागायचं, जुन्या सोनीला मेमरी स्टिक, ती शोधता शोधता भाचीचं कॉलेज संपेल.

आणलात की आधी तारीख-वेळ बरोबर लावा, पाच वर्षांनी फोटो शोधताना कळेल का ते. पोरं पळत असतील तर एस मोडवर, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवतो त्यावर, सेकंदाचा ५०० वा भाग. आणि आरतीला फ्लॅश बंद करा, घुमट (मडक्यासारखं वाद्य) वाजवणाऱ्यांच्या डोळ्यांवर तो मारायचाच नसतो, फोकस समईच्या ज्योतीवर न ठेवता मूर्तीच्या चेहऱ्यावर ठेवा आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे ०.७ वर आणा, नाहीतर कॅमेरा अंधाराला घाबरून सगळी खोली दुपारसारखी करून टाकतो आणि दिव्यांच्या माळांचे नुसते पांढरे डाग उरतात. चवथीच्या आधी दोन-तीन संध्याकाळी देवघरात हे करून बघा, ऐन आरतीत मेनू शोधत बसलात तर प्रसाद पण चुकेल.