ऊसतोड टोळीत राहून अभ्यास करायचा असेल तर

ऊसतोड कामगारांवर प्रबंध करायचा म्हणून विद्यार्थी येतात ते छापील प्रश्नावली घेऊनच. मी ती पिशवीत परत ठेवायला लावते. त्यातला 'कमावती व्यक्ती कोण, मासिक उत्पन्न किती' हा प्रश्न टोळीत लागूच पडत नाही. तिथला हिशोब माणशी नसतो, कोयत्यावर असतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, जोडीला मिळते, टनाचा दर जोडीचा, आणि मुकादमाच्या, म्हणजे टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराच्या, वहीत नाव बहुधा नवऱ्याचं. बाईला तिची कमाई विचाराल तर 'मालकांना माहीत', म्हणजे नवऱ्याला माहीत, असं उत्तर येईल आणि तुमच्या तक्त्यात तिच्या नावापुढे शून्य पडेल.

म्हणून आधी बघायचं. एक जोडी निवडा आणि चूल पेटल्यापासून निजेपर्यंत तिच्या मागे राहा. भाकरी कधी थापल्या, ऊस कोण तोडतं, मोळी कोण बांधतं, लेकरू फडाच्या कडेला कोणाकडे असतं. डोकी सेंटरला, म्हणजे जिथे ऊस डोक्यावरून वाहून भरतात तिथे, मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये कोण चढतं. रात्री गाडी आली की भरायला कोण उठतं. हे टिपल्यावर तुमचे प्रश्न आपोआप बदलतील, आणि ते बदललेले प्रश्नच विचारण्याजोगे असतात.

मोळ्या उचलायला मात्र जाऊ नका. तुमच्यामुळे वेग मंदावतो आणि टन त्यांचे कमी भरतात. पाणी आणा, लेकरं सांभाळा, कुणाचा मोबाइल चार्ज करून द्या. बोलणं होतं ते दुपारच्या भाकरीला, नाहीतर कोपीसमोर, त्यांच्या झोपडीपुढे, संध्याकाळी.

टोळीपर्यंत मुकादमच पोचवतो, त्याला इलाज नाही. पण त्याच्या मोटारसायकलवरून उतरलात की तुम्ही त्याचं माणूस. दुसऱ्या दिवशी एकट्याने चालत जा, आणि उचल-खाड्याचा विषय तो जवळ असताना काढू नका. विद्यापीठाचं संमतिपत्र वाचून दाखवा, पण अंगठा मिळाला म्हणजे संमती मिळाली असं मी तरी धरत नाही. बाई विषय टाळायला लागली की तिथे थांबायचं. 2019 मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर बाहेरून आलेल्या कुणीही पहिल्याच भेटीत पोटाचं ऑपरेशन विचारावं, हे मला निव्वळ असभ्य वाटतं. ती सांगेल तेव्हा ऐका.

फडात चार शब्द खरडा, पूर्ण टिपण त्याच रात्री. पाहिलेलं एकीकडे, ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत दुसरीकडे आणि तुमचा तर्क वेगळ्या शाईत. 'खाडा'चं 'गैरहजेरी' करू नका. खाड्यापोटी पैसे कापले जातात, ते गैरहजेरीत दिसत नाही. टिपणांची प्रत दुसऱ्या जागी हवीच. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 मध्ये म्हैसूरकडच्या एका गावात मुक्काम केला होता. त्यावरून तयार केलेली त्यांची टिपणं 1970 मध्ये स्टॅनफर्डच्या आगीत जळाली आणि पुस्तक आठवणीवर लिहावं लागलं. त्या गावाला त्यांनी 'रामपुरा' असं टोपणनाव दिलं होतं, हेही लक्षात घ्या. टोळीच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. गाव, कारखाना आणि उचलीचा नेमका आकडा एकत्र छापलात की मुकादम जोडी लगेच ओळखतो. यातलं एखादं तरी धूसर ठेवा.

हंगाम संपला की काम संपलं असं समजून बहुतेक जण लिहायला बसतात. पावसाळ्यात त्याच जोडीच्या गावी जा. पुढची उचल ठरत असते, मागची किती फिटायची राहिली हे तेव्हा बोललं जातं, आणि फडावर गप्प असलेली सासूही तिथे बोलते.