सोलर बसवलं, ई-स्कूटर घेतली? मग या चुका टाळा

गेल्या हंगामात शेजारच्या काकांनी हाक मारली. "सोलर बिघडलंय बघ, युनिटं लई कमी पडाय लागल्यात." वर गेलो, पॅनलवरून बोट फिरवलं, तर बोट काळंकुट्ट! बिघाड कसला, काजळी होती. ऊस हंगामात साखर कारखाने आणि गुऱ्हाळं पेटली की कोल्हापूरच्या गच्च्यांवर ती उतरतेच. गंमत म्हणजे कारखान्यात चिपाडावर होणारी वीजही हरितच मोजतात.

हंगामात दर आठवड्याला पॅनल पुसा, पण सकाळी लवकर. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचं जड पाणी वापरलं तर पांढरे डाग धरतात. पुसूनही युनिटं वाढेनात, तर सावली शोधा. शेजाऱ्याच्या नव्या टाकीची सावली एका पॅनलवर पडली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांचीही वीज घटू शकते. आणि सावली झाडाची असेल तर पॅनल हलवा. झाड तोडून हरित वीज कसली करताय?

दुसरी चूक हिशोबातली. "धूर नाही म्हणजे प्रदूषण नाही" असं सर्रास म्हणतात. ४५ चं ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल स्कूटरला १०० किलोमीटरला सव्वादोन लिटर लागतं, म्हणजे सुमारे ५ किलो कार्बन डायऑक्साइड. ई-स्कूटरला चार्जिंगमधली गळती धरून साधारण साडेतीन युनिटं लागतात. देशात बहुतेक वीज अजून कोळशाची, त्यामुळे युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास धरा. म्हणजे अडीच किलो. निम्मं वाचलं, शून्य नाही झालं. शिवाय ३ युनिटं साठवणारी बॅटरी बनतानाच अंदाजे दोन-तीनशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. तो फिटायला आठ ते बारा हजार किलोमीटर लागतात. रोज गोकुळ शिरगाव एमआयडीसीला ये-जा करणाऱ्याचं दोनेक वर्षांत फिटतं. नुसतं रविवारी रंकाळ्यावर चक्कर मारणाऱ्याला वीस-पंचवीस वर्षं लागतील! त्यानं चालू स्थितीतली जुनी गाडीच वापरावी.

गच्चीवर सोलर असेल तर गाडी दुपारी चार्जिंगला लावा. नेट मीटरिंगनं (दिवसा जास्तीची वीज लाइनला देऊन ती बिलातून वळती करायची सोय) बिल शून्य आलं, म्हणून रात्रीची वीज उन्हाची होत नाही.

शाहूपुरी, दुधाळी या बाजूला राहणाऱ्यांनी चार्जिंगचा पॉइंट तळमजल्यावर खाली घेऊ नये. २०१९ आणि २०२१ साली राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडून कितीतरी वर गेली होती. बॅटरीवर आयपी६७ (पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून निवांत राहू नका. ती चाचणी १ मीटर पाण्यात अर्ध्या तासाची असते, आपल्याकडचा पूर तीन-तीन दिवस हलत नाही. गाडी बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर "चालू होते का बघू" हे अजिबात नको. बॅटरी आतून गंजून काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. गाडी घरापासून लांब, मोकळ्या जागी ठेवा आणि सर्व्हिस सेंटरवाल्याला बोलवा.

शेवटचं भंगाराचं. इन्व्हर्टरची किंवा ई-रिक्षाची जुनी शिशाची बॅटरी चार पैसे जास्त देतो म्हणून भंगारवाल्याला घालू नका. उघड्यावर फोडली की ॲसिड गटारात, गटार जयंती नाल्यात आणि नाला पंचगंगेत. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेतानाच जुनी डीलरच्या ताब्यात द्या आणि पावती मागून घ्या.