हिमालयन ४११ला स्टिअरिंग डँपर बसवण्याआधी खराट्याची एक काडी शोधा

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११चं हँडल सपाट डांबरी रस्त्यावर थरथरतं म्हणून स्टिअरिंग डँपर, म्हणजे हँडलचे हिसके मारणारा तेल भरलेला भाग, घ्यायला निघाला असाल, तर पैसे खिशातच ठेवा. धडधाकट हिमालयन सरळ रस्त्यावर थरथरत नाही. थरथरत असेल तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला झालाय किंवा त्यात खाच पडलीय, टायर वेडावाकडा झिजलाय, स्पोक सैल होऊन रिम हलतेय, नाहीतर मागच्या टॉप बॉक्समध्ये अख्खा संसार भरलाय. डँपर लावला की ती थरथर हाताला जाणवेनाशी होते, एवढंच. आतला दोष मुकाट्याने वाढत राहतो. "डँपर टाक, सगळं ठीक होईल" असं सांगणारा मेकॅनिक भेटला तर त्याला आधी पुढचं चाक उचलायला सांगा.

डँपरचं खरं काम वेगळं. हिमाचलात ग्राम्फूहून बातालकडे जाताना नाल्यात पसरलेले गोटे, लडाखमधल्या मोरे प्लेन्सच्या कडेची भुसभुशीत वाळू, किंवा आपल्याकडे पावसाने डांबर धुऊन नेलेला वरंधा घाट. २१ इंची पुढचं चाक गोट्याच्या कडेला लागतं, गोटा त्याला बाजूला ढकलतो आणि हँडल हातातून हिसकलं जातं. डँपर त्या हिसक्याचा वेग मारतो. हँडल सावकाश फिरवलं तर आतलं तेल बारीक भोकातून निवांत सरकतं आणि विरोध फारसा जाणवत नाही. जोरात फिरलं तर तेलाला पटकन वाट मिळत नाही, मग हँडल जड होतं. दिवसभर दगडांवर चालवणाऱ्याची मनगटं आणि खांदे यामुळे वाचतात.

रोटरी की सळईचा

रोटरी डँपर हँडलच्या मध्यावर, वरच्या टी-प्लेटच्या माथ्यावर बसतो. (पुढच्या शॉकपच्या दोन्ही नळ्या धरून ठेवणाऱ्या प्लेट म्हणजे टी-प्लेट; एक वर, एक खाली.) कच्च्या रस्त्यासाठी तोच उत्तम, यावर माझ्यापुरता वाद संपलेला आहे. स्कॉट्स कंपनीच्या रोटरीत हँडल मध्यापासून बाहेर जाताना विरोध होतो आणि मध्याकडे परतताना ते मोकळं राहतं. त्यामुळे वाळूत सारखं डावं-उजवं करताना हात भरून येत नाहीत. तुमच्याच गाडीच्या मापाचा ब्रॅकेट मिळत असेल आणि खर्च झेपत असेल, तर तोच घ्या, किटमधल्या कागदाप्रमाणे लावा आणि हा लेख सोडून द्या.

बाकी बहुतेकांच्या हाती येतो तो सळईचा, म्हणजे सरळ दांड्याचा डँपर. त्याचं एक टोक शॉकपच्या क्लॅम्पला, दुसरं फ्रेमला. बसवायला सोपा दिसतो आणि घोळ नेमका तिथेच होतो.

तयारी

मेन स्टँड, इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याखाली (बॅश प्लेट) जॅक, चाक हवेत. हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला, तो बदला. टेपर रोलर बेअरिंगचा टाकलात तर पुढची बरीच वर्षं त्याकडे बघावं लागणार नाही. मग शॉकपची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. खटखट आली तर नट आवळून घ्या. हे सगळं ठाकठीक होईपर्यंत डँपरचं खोकं उघडू नका.

क्लॅम्प कुठे

४११चे शॉकप साधे, ४१ मि.मी.चे. क्लॅम्प दोन टी-प्लेटच्या मधल्या भागातच बसवायचा. खालच्या टी-प्लेटच्या खाली सरकत्या नळीवर लावलात तर शॉकप पूर्ण दबताना काहीतरी आपटणार. ४११च्या पुढच्या शॉकपचा प्रवास २०० मि.मी. आहे, म्हणजे मोठ्या खड्ड्यात चाक आणि खालचं मडगार्ड तेवढं वर येतं. चाक हवेत लटकत असताना मडगार्डपासून वर २०० मि.मी. मोजा. त्या पट्ट्यात डँपरचा कुठलाही भाग नको, बोल्टचं डोकंसुद्धा नको.

फ्रेमच्या बाजूला ब्रॅकेट फ्रेमच्या नळीवरच. टाकीच्या दोन्ही बाजूंना जेरीकॅनसाठी जी रॅक असते, ती हाताशी आहे म्हणून तिला डँपर अडकवलेला मी पाहिलाय. ती नळी लवते. लवणाऱ्या नळीला लावलेला डँपर नुसता मिरवायला. आणि स्टिअरिंगच्या गळ्याजवळ फ्रेमवर वेल्डिंग अजिबात करू नका, टी-प्लेटला भोक पाडू नका. अशा ठिकाणी गाडी तुटली तर ती चालत्या गाडीत तुटते.

स्ट्रोक जुळवणं: खरं काम हे

मला सर्वांत जास्त झुंजवलं ते या टप्प्याने, आणि यावर धड सांगणारा माणूस आजही क्वचित भेटतो. बाजारात सर्रास मिळणारे ७५ मि.मी. स्ट्रोकचे (म्हणजे सळई एकूण तेवढी आत-बाहेर सरकणारे) डँपर स्पोर्ट्‌स बाइक डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. त्या गाड्यांचं हँडल एका बाजूला साधारण २७ अंश फिरतं. आपल्यासारख्या गाड्यांचं ४० अंशांच्या आसपास. फरक लहान वाटतो, पण हिशेब करून बघा.

हँडल ज्या स्टेमभोवती फिरतं, तिच्या मध्यापासून डँपरची सळई जिथे पकडली आहे तिथपर्यंतचं अंतर ६० मि.मी. धरा. २७ अंशांना दोन्ही बाजू मिळून सळईला सुमारे ५४ मि.मी. सरकावं लागतं. ७५चा डँपर ऐसपैस पुरतो. ४० अंशांना तेच ७७ मि.मी. होतं आणि ७५चा डँपर कमी पडतो. आता क्लॅम्पचा कान शॉकपच्या नळीलाच लागून असेल आणि नळी स्टेमपासून १०० मि.मी.वर असेल, तर जवळजवळ १२९ मि.मी. लागतात. "युनिव्हर्सल किट, सगळ्या गाड्यांना बसतं" असं सांगून विकणाऱ्याने हा गुणाकार कधी केलेला नसतो.

कमी पडला तर काय होतं? हँडल गाडीच्या स्टॉपरला टेकण्याआधीच सळई संपते आणि डँपर स्वतःच स्टॉपर बनतो. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. घाटात अरुंद जागी गाडी वळवताना हँडल अर्ध्यातच अडतं, तुम्ही तोल सांभाळायला पाय टाकता आणि तिथे जमीन नसते. याहून वाईट म्हणजे गाडी उभ्या-उभ्या पडते. हँडल जमिनीवर आपटतं, १९० किलोंच्या पुढचं वजन त्या बारीक सळईवर येतं आणि ती वाकते. वाकलेली सळई सिलिंडरमध्ये अडकते. अशी गाडी पुन्हा उभी करून चालवत निघालात तर हँडल कधी कुठे जाम होईल याचा नेम नाही. वाकलेला डँपर दिसला की तो जागच्या जागी काढून बॅगेत टाकायचा. त्याच्याशिवाय गाडी कारखान्यातून आली तशी नीट चालते.

म्हणून डँपर न लावता आधी माप घ्या. खराट्याची एक ताठ, लांब काडी घ्या. तिचं एक टोक शॉकपवरच्या क्लॅम्पच्या भोकात दोऱ्याने बांधा, काडी फ्रेमच्या ब्रॅकेटच्या भोकावरून मोकळी सरकू द्या. हँडल पूर्ण डावीकडे स्टॉपरला टेकवा, ब्रॅकेटपाशी काडीवर पेनाने खूण करा. मग सरळ, दुसरी खूण. मग पूर्ण उजवीकडे, तिसरी. टोकाच्या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुम्हाला लागणारा स्ट्रोक. त्यात दोन्ही बाजूंना किमान पाच-पाच मिलिमीटर मिळवा. डँपरची सळई पूर्ण बाहेर ओढून आणि पूर्ण आत दाबून त्याचा स्ट्रोक स्वतः मोजा, खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका.

मधली खूण बहुतेक वेळा बरोबर मध्यावर येत नाही. हँडल सरळ असताना सळई आणि क्लॅम्पचा कान काटकोनात नसले तर एका बाजूला जास्त सळई लागते, दुसऱ्या बाजूला कमी. "हँडल सरळ ठेव, सळई अर्धी बाहेर काढ, आवळून टाक" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. हँडल सरळ असताना सळई कुठे आहे याला महत्त्व नाही. दोन्ही टोकांना पाच-पाच मिलिमीटर शिल्लक राहतात का, तेवढंच बघायचं. डँपरचं सिलिंडर त्याच्या पट्ट्यातून पुढे-मागे सरकतं, ते त्यासाठीच.

स्ट्रोक पुरत नसेल तर दोन वाटा. जास्त लांबीचा डँपर घ्या, किंवा लेथवाल्याकडून कान आतल्या बाजूला वळलेला क्लॅम्प करून घ्या, म्हणजे सळईचं टोक स्टेमच्या जवळ येईल. दुसरी वाट स्वस्त, पण तिची किंमत मोजावी लागते. टोक जवळ आणलं की सळई कमी सरकते आणि तिचा हँडलवरचा जोरही कमी होतो, त्यामुळे विरोध अंतराच्या वर्गाने घटतो. १०० वरून ५० मि.मी.वर आणलंत तर डँपर एक चतुर्थांश उरला. ६० वरून ५० वर आणलंत तर सुमारे तीस टक्के गेले. ५० मि.मी.ला ६४-६५ मि.मी. स्ट्रोक लागतो आणि ७५चा डँपर पाच-पाच मिलिमीटर राखून बसतो. त्याहून आत जायचं असेल तर डँपर न लावलेला बरा.

आता पातळी. डँपर जमिनीला समांतर बसवणारे महाभाग आहेत, काहीजण त्यासाठी लेव्हलची बाटलीसुद्धा काढतात. हँडल जमिनीला समांतर फिरत नाही, स्टेम मागे झुकलेली असते. डँपर टी-प्लेटला समांतर हवा, म्हणजे तोही तेवढाच तिरपा. जमिनीला समांतर लावलात तर हँडल फिरताना दोन्ही टोकांचे बॉल जॉइंट पिळले जातात, मध्यावर हलके आणि टोकांना कडक वाटतात, आणि काही महिन्यांत खुळखुळायला लागतात. लाकडाची सरळ पट्टी खालच्या टी-प्लेटला लावून नजरेने जुळवा. उंची कमी-जास्त करायला लेथवर ॲल्युमिनियमचे स्पेसर करून घ्या. वॉशरची चळत रचू नका, ती सरकते.

खुळखुळ्याचा मुद्दा वरवरचा समजू नका. पकडीपाशी एक मिलिमीटर ढिलाई असेल तर ५० मि.मी. अंतरावर हँडलला एक अंशाहून जास्त मोकळीक मिळते. थरथर सुरू होते तीच एवढ्याशा हालचालीतून, आणि तेवढ्यात डँपर कामालाच लागत नाही. म्हणूनच क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालू नका. नळीचा व्यास थोडा कमी पडत असेल तर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळा.

आवळणं

एम-६ बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटर, निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारं द्रव). शॉकपच्या नळीवरचा क्लॅम्प जीव खाऊन आवळू नका, नळी दबली तर ती बदलावी लागते.

मग इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये हँडल या टोकाकडून त्या टोकाकडे न्या. आरपीएम वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जातेय, तिचा मार्ग बदला. क्लचची केबल आणि पुढच्या ब्रेकची नळी डँपरला घासत नाही ना, हँडल लॉक किल्लीने लागतं ना, दोन्ही बाजूंना फ्रेमचा स्टॉपरच आधी टेकतो ना, हे बघा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "बहुतेक हो" असेल तर परत काडी काढा.

सेटिंग

डँपरच्या कडकपणाच्या नॉबवर सर्वांत सैल क्लिकपासून सुरू करा. चाक हवेत असताना हँडल एका बाजूला ढकलून सोडलं तर ते आपलं आपण, सावकाश का होईना, स्टॉपरपर्यंत गेलं पाहिजे. मग मोकळ्या मैदानात ताशी १०-१५ किलोमीटरने सरळ रेषेत चाला. गाडी दारू प्यायल्यासारखी डुलू लागली तर डँपर कडक झालाय. कमी वेगात तोल राखायला आपण हँडल नकळत सारखं थोडं थोडं हलवत असतो, आणि तेच आता अडवलं जातंय. दोन क्लिक मागे या. खडीवर गेल्यावर गरजेपुरतं एकेक क्लिक वाढवा.

गाडीला दोन वेगळे आजार होतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. हँडलची झपाझप थरथर, सेकंदाला सहा-आठ झटक्यांची, तिला डँपर आवरतो. सामान लादलेली गाडी वेगात असताना पूर्ण अंगाने संथ डुलते, सेकंदाला दोन-तीनदा, ते दुखणं डँपर कडक केल्याने वाढूही शकतं. त्यावर उपाय म्हणजे वेग कमी करा, मागचं वजन खाली आणि पुढे घ्या, टायरची हवा बघा.

थंडीत तेल घट्ट होतं. लाहौलमधल्या केलाँगला पहाटे निघताना आदल्या दुपारचंच सेटिंग कडक लागेल, एक-दोन क्लिक सोडा आणि ऊन वर आल्यावर परत घ्या. रोज संध्याकाळी सळई ओल्या फडक्याने पुसा. चिखल वाळून सळईवर राहिला तर तो सील खातो आणि तेल गळायला लागतं. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा तपासा, क्लॅम्प आणि नळीवर पेनाने एक सलग रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली तर क्लॅम्प फिरलाय. अशा वेळी नुसतं आवळून पुढे जाऊ नका, आधी दोन्ही टोकांचं अंतर परत मोजा.